आयकॉन गेला, मूळ तसंच

आमच्या पावसच्या घरात लॅपटॉप आला तो आंब्याच्या हिशेबासाठी. त्याआधी वही होती, पानांवर चिकाचे डाग आणि मधूनमधून ह्यांचं अक्षर. चार वर्षांपूर्वी एक जण येऊन हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून गेला. वाशीला किती पेट्या गेल्या, पाच डझनी किती, भाडं, हमाली, दलालाची पट्टी म्हणजे विक्रीचा हिशेब, सगळं त्यात. पुढे दर वर्षी त्याचे पैसे वाढत गेले. यंदा हंगाम संपला, मिरगाचा पाऊस लागला, तेव्हा ठरवलं: हे काढायचं आणि दुसरं घालायचं.

काढायचं म्हणजे मी काय केलं? पडद्यावरचं पेटीचं चित्र कचऱ्याच्या डब्यात टाकलं, डबाही रिकामा केला. संध्याकाळी भाच्याला पुण्याला फोन लावून ऐटीत सांगितलं. तो हसत सुटला. "आत्या, अगं तू दारावरची पाटी काढलीस. माणसं आतच आहेत."

मग त्याने सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी उघडायला लावली. तिथे ते सापडलं, अनइन्स्टॉल दाबलं, गेलं. तरी लॅपटॉप सुरू व्हायला पूर्वीइतकाच वेळ. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला, तर 'मायएसक्यूएलडी' नावाचं काहीतरी मेमरी अडवून बसलेलं. मला वाटलं व्हायरस. तो म्हणाला, व्हायरस नव्हे, डेटाबेस. तुझं सॉफ्टवेअर म्हणजे नुसती खिडकी, हिशेब ठेवणारा कारकून वेगळा. खिडकी काढली तरी कारकून रोज सकाळी कामावर हजर. यादीत 'मायएसक्यूएल सर्व्हर' अशी वेगळी ओळ होतीच. मी ती चार वर्षांत कधी वाचली नव्हती.

तेही काढलं. नवीन सॉफ्टवेअर घालायला घेतलं, त्यालाही तोच कारकून लागतो. आणि त्याने आल्या आल्या विचारलं, जुना रूट पासवर्ड, म्हणजे डेटाबेसची मुख्य किल्ली, सांगा! आत्ता तर तुला हाकलला, तुला जुनं कसं आठवतं? पासवर्ड ठेवलेला त्या बसवणाऱ्याने, आणि त्याचा फोन लागेना. तेवढ्यात लाइट गेले. लॅपटॉपची बॅटरी जेमतेम पाऊण तास टिकते, म्हणून सगळं दुसऱ्या दिवसावर.

सकाळी पडवीत चहा पिताना गड्याला हे सांगितलं. त्याला कंप्यूटरमधलं ओ की ठो कळत नाही. म्हणाला, "वहिनी, बांडगुळाची पानं ओरबाडून काय होतं? फांदीत मूळ असतं त्याचं." खरंच की. कलमावर बांडगूळ दिसलं की आम्ही ते उपटत बसत नाही, खालून फांदीच उतरवतो.

मूळ सापडलं सी ड्राइव्हमध्ये, 'प्रोग्रॅमडेटा' फोल्डरात. एरवी तो दिसतच नाही. व्ह्यूमध्ये जाऊन 'हिडन आयटम्स'वर खूण केली तेव्हा दिसला. त्यात मायएसक्यूएल, त्यात डेटा. ही काही चूक नव्हे, मुद्दाम केलेलं असतं. प्रोग्रॅम काढला म्हणून माणसाचे हिशेब पुसायचे नाहीत, असा त्यांचा नेम. जुना पासवर्डही त्या डेटातच. मला तो नेम पटला. फक्त काढताना कुणी ठळक अक्षरांत सांगितलं असतं, तर बरं झालं असतं.

भाचा म्हणाला, डिलीट कर. मी म्हटलं, नाही. चार हंगामांच्या पट्ट्या आहेत त्यात. खरं तर सर्व्हर, म्हणजे तो कारकून, चालू होता तेव्हाच सगळा डेटा नीट बाहेर काढून घ्यायला हवा होता, हे आम्हा दोघांनाही नंतर सुचलं. शेवटी सर्व्हिसेसच्या, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या कामांच्या, यादीत मायएसक्यूएल उरलं नाही ना ते पाहिलं आणि फोल्डरचं फक्त नाव बदललं. पुढे 'जुनं' लावलं. नवीन सॉफ्टवेअर मुकाट्याने बसलं.

रेजिस्ट्रीला, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीला, मी हात लावला नाही. तिथे उरलेल्या चार ओळी जागा अशी अडवत नाहीत, आणि भलती ओळ उडाली तर विंडोजच बंद पडायचं. यूट्यूबवर एक जण 'फुकट क्लीनर घाला' सांगत होता. म्हणजे एक काढायला दुसरं घाला, मग ते काढायला भाच्याला परत फोन!

फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन वहीच्याच कपाटात ठेवली आहे. आतलं उघडायला त्याच जातीचा सर्व्हर लागेल म्हणे. भाचा गणपतीत येतोय. मोदक आधी द्यायचे की लॅपटॉप, ते तेव्हा बघू.