४२९४९६७२९७ आणि तिचा अवयव ६४१

४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७ ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. २ चा घातांक १, २, ४, ८ असा दुप्पट करीत नेला आणि प्रत्येक घातात १ मिळवला, तर येणारी प्रत्येक संख्या मूळच असते, असे फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्ये मांडले होते. ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या पहिल्या पाच संख्या खरोखरच मूळ आहेत. सहावी मात्र नाही. १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञाने तिचे ६४१ × ६७००४१७ असे अवयव पाडले.

दहा अंकी संख्येचा अवयव हाताने शोधण्यासाठी असंख्य भागाकार करावे लागले असतील, असे कोणालाही वाटेल. पण या संख्येची घडणच शोधाचे क्षेत्र आवळून आणते. एखाद्या मूळ संख्येने हिला नि:शेष भाग जात असेल, तर तिने भागल्यावर २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ (म्हणजे भाजकाहून १ ने कमी) आणि ६४ व्या घाताची बाकी १ येते, आणि ६४ च्या आधी ही बाकी १ कधीच येत नाही. त्यामुळे असा भाजक ६४ च्या एखाद्या पटीपेक्षा १ ने मोठाच असावा लागतो. हे ज्या प्रमेयावरून निघते (मूळ संख्येने भाग न जाणाऱ्या संख्येचा, त्या मूळ संख्येहून १ ने लहान घातांकाचा घात घेतला, तर तिने भागल्यावर बाकी १ च येते) ते फर्माचेच आहे, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. म्हणजे पाचव्याच भागाकाराला उत्तर हाती येते. त्यातही २५७ वगळता येते, कारण वरच्या पाच मूळ संख्यांचा गुणाकार ४२९४९६७२९५ आहे, आपल्या संख्येपेक्षा नेमका २ ने कमी, आणि म्हणून त्यांपैकी कोणत्याही संख्येने भागले तरी बाकी २ च उरते.

एकदा ६४१ सापडल्यावर भागाकारही करावा लागत नाही. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६. पहिल्या रूपावरून ५ × १२८ ची बाकी उणे १ येते. चौथा घात घेतला की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याची बाकी १ होते. दुसऱ्या रूपामुळे ६२५ च्या जागी उणे १६ लिहिता येते, १६ आणि २८ वा घात मिळून ३२ वा घात होतो, आणि त्याची बाकी उणे १ ठरते. ही सिद्धता अतिशय देखणी आहे, तरी ६४१ कडे मुळात का वळायचे हे ६४ च्या पटींवरून जाणारी ऑयलरचीच वाट सांगते, म्हणून मला ती वाट अधिक मोलाची वाटते.

६७००४१७ ही स्वतः मूळ आहे.

मूळ संख्या ओळखण्याची फर्माची कसोटी म्हणजे एखादा पाया घेऊन, संख्येहून १ ने लहान घातांकाच्या त्याच्या घाताला संख्येने भागल्यावर बाकी १ येते का, हे पाहणे. ती २ हा पाया घेऊन लावली, तर ४२९४९६७२९७ त्या कसोटीला उतरते, कारण २ च्या ६४ व्या घाताची बाकी १ आहे आणि ४२९४९६७२९६ हा ६४ च्या पटीतलाच घातांक आहे. पाया ३ घेतला की मात्र बाकी १ येत नाही, आणि एकही अवयव न शोधता ती संयुक्त असल्याचे सिद्ध होते.