एकाच मॉडेलच्या दोन रॅकेटी

"काका, ही चांगली आहे आणि ही खराब," मुलीने दोन्ही रॅकेटी काउंटरवर ठेवत सांगितलं. मॉडेल एकच, रंग एकच, दोन्हींवर २७० ग्रॅम छापलेलं. १०० चौरस इंचाचं डोकं, १६ उभ्या आणि १९ आडव्या तारांची जाळी, दोन्हींत तेच पॉलिएस्टर गट, म्हणजे जाळीची तार, ५२ पाउंडांच्या ताणावर एकाच दिवशी भरलेलं. मुलगी चौदा वर्षांची, दादरच्या एका क्लबच्या हार्ड कोर्टवर टेनिस खेळणारी. आईची शंका वेगळीच होती : "दादा, दुसरी नकली तर नाही ना दिली आम्हाला?"

धोबीतलावला गटिंग करणाऱ्या, म्हणजे रॅकेटींत गट भरून देणाऱ्या, आमच्यासारख्यांना नकली मालाची शंका रोजचीच. ही तक्रार मात्र नेमकी होती. 'खराब' रॅकेटने नेटवर व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधीच चेंडू, मारताना रॅकेट हातात वळते, जोराची सर्व्हिस आली की रिटर्न आखूड पडतो, बेसलाइनवरून मारलेले फटके कधी लांब जातात तर कधी फ्रेमला लागतात. सर्व्हिस करताना मात्र दोन्हींत फरक कळत नाही. ही शेवटची माहिती सगळ्यात कामाची. गट किंवा ग्रिपमध्ये दोष असता तर तो सर्व्हिसलाही जाणवला असता.

तरी आधी साध्या गोष्टी बाजूला काढाव्या लागतात. फ्रेमला तडा नाही, ग्रोमेट (गट ओवायच्या भोकांतल्या प्लास्टिकच्या नळ्या) शाबूत, लांबी दोन्हींची २७ इंच. जाळीवर टिचकी मारून आवाज ऐकला तर दोन्हींचा सूर जवळजवळ सारखा, म्हणजे ताण सारखाच उतरलेला. जाळीत अडकवलेले, कंपन कमी करणारे डॅम्पनर काढले. जुन्या ओव्हरग्रिप, म्हणजे मुठीवर वरून गुंडाळायच्या पट्ट्या, काढून एकेक नवी गुंडाळली. हे महत्त्वाचं, कारण मुंबईच्या घामात मुलं ओव्हरग्रिपवर ओव्हरग्रिप चढवतात. एक ओव्हरग्रिप साधारण ५ ग्रॅमची. दोन जास्त झाल्या की मुठीकडे १० ग्रॅम वाढतात आणि मोजमाप फसतं.

मग काटा आणि तोलबिंदू दाखवणारा बॅलन्स बोर्ड. चांगली रॅकेट गटासकट २९३ ग्रॅम, तोल मुठीच्या टोकापासून ३४.१ सेंमीवर. खराब २८९ ग्रॅम, तोल ३३.१५वर. स्विंगवेटच्या, म्हणजे रॅकेट फिरवायला किती जड लागते ते मोजणाऱ्या, मशीनवर चांगली २९८, खराब २८०.

वजनात फरक फक्त ४ ग्रॅमचा, पण स्विंगवेटमध्ये १८चा. गट आणि ओव्हरग्रिप वजा केल्यावर नुसत्या फ्रेमा २७२ आणि २६८ ग्रॅम भरतात. म्हणजे दोन्ही अस्सल, आणि दोन्ही कारखान्याच्या मर्यादेत. छापील वजनाच्या अलीकडे-पलीकडे पाच-सात ग्रॅम आणि तोलात पाच-सात मिलिमीटर फरक धरूनच फ्रेमा बाजारात येतात. इथे एक फ्रेम एका बाजूला सरकलेली, दुसरी दुसऱ्या बाजूला. आईंना हे पटायला वेळ लागला, कारण खोक्यावरचा आकडा एकच होता.

हलक्या रॅकेटीची खरी गोम इथेच आहे. 'हलकी' हा काट्यावरचा शब्द. कोर्टवर विचारायचं ते वजन कुठे बसलंय. हेड कंपनीची टीआय एस ६ ही जुनी, भरपूर खपलेली रॅकेट विनागट २२५ ग्रॅमच्या आसपास, पण डोकं ११५ चौरस इंचाचं आणि तोल डोक्याकडे, त्यामुळे फिरवताना ती ३०० ग्रॅमच्या कित्येक रॅकेटींइतकी जड लागते. उलट मुठीत वजन भरलेली फ्रेम काट्यावर भारदस्त दिसते आणि जोराच्या चेंडूपुढे माघार घेते.

स्विंगवेट म्हणजे मुठीच्या टोकापासून १० सेंमीवरच्या आसाभोवती रॅकेट फिरवायला होणारा विरोध. त्या आसापासूनच्या अंतराचा वर्ग होतो, म्हणून मुठीत ठेवलेला ग्रॅम जवळजवळ मोजलाच जात नाही आणि डोक्याच्या टोकावरचा एक ग्रॅम ३.४ने आकडा वाढवतो.

मशीन नसेल तर घरी काढता येतं. मुठीच्या टोकापासून १० सेंमीवर रॅकेट दोन बाजूंनी टेकवून लंबकासारखी थोडीशी झुलवायची, ३० पूर्ण झोके (जाऊन-येऊन एक) मोजायचे, वेळेला ३०ने भागायचं. किलोमधलं वजन, तोलबिंदूचं त्या आसापासूनचं सेंमीमधलं अंतर, झोक्याच्या सेकंदांचा वर्ग आणि २४.८५ यांचा गुणाकार म्हणजे स्विंगवेट. चांगल्या रॅकेटीचं गणित ०.२९३ गुणिले २४.१ गुणिले १.३०३चा वर्ग गुणिले २४.८५, म्हणजे २९८. दहाच झोके मोजले तर घोटाळा होतो : वेळ एक टक्का चुकली की उत्तर दोन टक्के चुकतं, म्हणजे सहा अंकांनी. या दोन रॅकेटींच्या ३० झोक्यांत फरक जेमतेम ०.२ सेकंदाचा होता. खरा फरक वजन आणि तोलाच्या गुणाकारातून येतो, त्यामुळे तोलबिंदू मिलिमीटरपर्यंत मोजावा.

दुपारनंतर कोर्टवर गेलो. रॅकेटींच्या गळ्याला कागदी टेप गुंडाळून खाली क (चांगली) आणि ख (खराब) अशी अक्षरं लिहिली, कोणती कुठली ते मुलीला सांगितलं नाही. प्रशिक्षकांनी आधी टोपलीतून व्हॉलीचे चेंडू दिले, मग बेसलाइनवरून जोर वाढवत नेला. सरांचा सल्ला आतापर्यंत "मूठ घट्ट धर" असाच होता, आणि तिच्या पंजाच्या वरचे स्नायू ताठ झालेले दिसतच होते.

मूठ आवळल्याने इथे फारसं साधत नाही. चेंडू जाळीवर पाचेक मिलिसेकंद असतो. तेवढ्यात मुठीची पकड मदतीला पोचत नाही. त्या क्षणी चेंडूपुढे रॅकेट एकटी असते, तीही पूर्ण वजनाने नाही. जाळीच्या मध्याजवळ, मुठीच्या टोकापासून ५३ सेंमीवर, २८९ ग्रॅमची ख ही रॅकेट चेंडूला १५० ग्रॅमच्या वस्तूसारखी भेटते. क भेटते १६० ग्रॅमसारखी. टोकाकडे ६५ सेंमीवर गेलं की ख ८६ आणि क ९२. समोरून येणारा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा. व्हॉलीला हात फारसा फिरतच नाही, म्हणून तिथे या दहा ग्रॅमांचा सगळा फरक उघडा पडतो. सर्व्हिसला उलट : हलकं डोकं थोडं अधिक वेगाने फिरतं आणि वजनातली तूट बरीचशी भरून निघते. तिची तक्रार सर्व्हिसबद्दल का नव्हती, ते यावरून कळतं.

कोर्टवर तेच दिसलं. ख हातात असताना मध्यावर लागलेल्या व्हॉली ठीक, पण चेंडू दोन बोटं बाजूला लागला की रॅकेटीचं तोंड उघडत होतं आणि चेंडू उंच, मऊ जात होता. फोरहँडला ती भरपाई म्हणून हात जास्त जोरात फिरवत होती. त्यात हलक्या डोक्यामुळे रॅकेट वेळेआधी पुढे यायची, म्हणून फ्रेम लागायची. क हातात आल्यावर तीच मुलगी शांतपणे, पूर्ण लांबीचा फटका मारत होती. तिने दोन्ही वेळा बरोबर ओळखलं. चौदा वर्षांच्या मुलांची जाण पालकांना वाटते त्यापेक्षा बरीच चांगली असते.

आता दोन्ही सारख्या करायच्या. खालच्या रॅकेटला वर आणायचं. वरची खाली आणता येत नाही, कारण डोक्यातून वजन काढायचं तर बंपर, म्हणजे डोक्याच्या टोकावरची प्लास्टिकची पट्टी, तासावा लागेल आणि तो फ्रेमचं रक्षण करतो. पण ख मध्ये नुसते ४ ग्रॅम घालून काम भागत नाही. ४ ग्रॅमांत तोल जुळवायचा तर ते मुठीच्या टोकापासून १०३ सेंमीवर चिकटवावे लागतील, आणि रॅकेट आहे साडेअडुसष्ट सेंमीची! ख चं जास्तीचं वजन मुठीत होतं आणि ते काढता येत नव्हतं. म्हणून दोन्हींत भर घालायची : ख च्या डोक्यात ७ ग्रॅम, क च्या मुठीत ३.

डोक्यात कुठे, हा पुढचा प्रश्न. डोकं घड्याळ मानलं तर १२ वाजता ५.५ ग्रॅममध्ये स्विंगवेट १८ने वाढलं असतं, ३ आणि ९ वर ११ ग्रॅम लागले असते. १२वरचं वजन फिरवायला ओझं देतं पण रॅकेट वळणं थांबवत नाही, कारण ते मधल्या रेषेवरच असतं. ३ आणि ९ वर वळणं सर्वांत कमी होतं पण एकूण वजन फार वाढतं. हिची तक्रार वळण्याची आणि आखूड रिटर्नची, दोन्ही होती. म्हणून १० आणि २ वर, मुठीपासून ६१ सेंमीच्या आसपास, प्रत्येक बाजूला साडेतीन ग्रॅम.

अर्धा इंच रुंदीच्या शिशाच्या पट्टीचा ५ सेंमी तुकडा साधारण १ ग्रॅम भरतो, तरी प्रत्येक तुकडा काट्यावर घालावाच. पावणेदोन ग्रॅमचे चार तुकडे, प्रत्येकी नऊ सेंमीच्या आत-बाहेर. फ्रेमच्या आतल्या अंगाला, ग्रोमेटच्या रांगेच्या दोन्ही बाजूंना एकेक. आधी स्पिरिटने पुसून वाळवायचं. घामाचा किंवा तेलाचा हात लागलेल्या जागी पट्टी पावसाळ्यात आठवड्याभरात सुटते. क ला तीन ग्रॅमची पट्टी मुठीच्या टोकापासून ५ सेंमीवर, कोर्टवर तात्पुरती ग्रिपवरूनच गुंडाळली.

आता दोन्ही २९६ ग्रॅम, दोन्हींचा तोल ३३.८ सेंमीवर, स्विंगवेट २९८. मुठीतल्या तीन ग्रॅमांनी क चं स्विंगवेट ०.१नेही वाढलं नाही.

पुन्हा टेप, पुन्हा चिठ्ठ्या. बेसलाइनवरून तिला ओळखता आलं नाही. नेटवर मात्र तिने ख निवडली, म्हणजे सकाळची 'खराब'! कारण सरळ आहे : ख चं शिसं कडेला बसलंय, क चं मुठीत. स्विंगवेट सारखं असलं तरी वळण्याला होणारा विरोध ख मध्ये आता थोडा जास्त. तोही जुळवता आला असता, पण मग क चंही डोकं जड करावं लागलं असतं, आणि या वयात तासाभराच्या खेळात खांद्याला ते परवडत नाही. तिथे थांबलो. ब्रेबोर्नला सीसीआयच्या (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) कोर्टवर २०२४ आणि २०२५ मध्ये डब्ल्यूटीए १२५ ही महिलांची व्यावसायिक स्पर्धा झाली. तशा पातळीवरच्या खेळाडूंसाठी अर्धा डझन फ्रेमा ग्रॅमच्या अंशापर्यंत जुळवल्या जातात. मुलांना एवढ्याची गरज नाही.

"टूर्नामेंटमध्ये हे चालेल का?" आईंनी विचारलं. चालतं. नियमात रॅकेटीच्या वजनाला मर्यादा नाही, लांबी ७३.७ आणि रुंदी ३१.७ सेंमीच्या आत हवी. पॉइंट चालू असताना वजनाची मांडणी बदलता येईल अशी सोय तेवढी नको. चिकटवलेली पट्टी त्यात येत नाही.

गटिंगचा विषय मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. हलक्या रॅकेटीने कोपराला आराम मिळतो हा समज चुकीचा आहे. हलक्या फ्रेमा बहुधा जाड आणि कडक असतात, ही २६ मिलिमीटरची; वजन कमी म्हणून धक्का फ्रेममध्ये मुरत नाही, तो हातापर्यंत येतो. त्यात पूर्ण पॉलिएस्टर ५२वर. या वयाला ते नकोच, असं माझं मत, मग टीव्हीवर कुणीही काहीही वापरो.

दुकानात परतून दोन्हींचं गट काढलं. कापताना मध्यापासून बाहेर, उभे-आडवे आलटून पालटून कापायचं. नुसते उभे कापून टाकले तर आडव्यांचा ताण फ्रेमला एका दिशेने ओढतो आणि हलकी फ्रेम त्यातच तडकते. मग उभ्यात १.२५ मिलिमीटर जाडीचं पॉलिएस्टर ४८ पाउंडांवर, आडव्यात १.३०चं मल्टिफिलामेंट, म्हणजे बारीक धाग्यांचं मऊ गट, ५०वर. आडवे डोक्याकडून गळ्याकडे. मऊ गट पॉलिएस्टरवरून झपकन ओढलं तर घासून जळतं, म्हणून विणताना पुढची ओळ बोटाने कमानीत धरून हळू ओढायची. क ची मूठ उघडून शिशाची पट्टी मूळ ग्रिपखाली कायमची बसवली, डोक्यातल्या तुकड्यांवर पातळ संरक्षक टेप लावला. शिसं विषारी आहे. मुलांनी ते सोलायचं नाही, हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे. ज्यांना ते नकोच त्यांच्यासाठी टंगस्टनची पट्टी मिळते, महाग असते.

प्रत्येक तुकड्याच्या कडेला बारीक मार्करने रेघ मारून दिली. तुकडा सरकला तर रेघेवरून कळेल. दोन्ही रॅकेटींवर आतल्या बाजूला वजन, तोल आणि स्विंगवेट लिहिलं. तिसरी रॅकेट घ्यायची झाली तर दुकानात त्याच मॉडेलच्या तीन-चार फ्रेमा गटाशिवाय काट्यावर घालायच्या, तोल बघायचा आणि २७२ ग्रॅम, ३३.४ सेंमीच्या जवळची उचलायची. ती पट्टी लावून यांच्याशी जुळेल.