चिलखताची नोंद, हिवाळा दुसरा: कोट उसवला, गोधडी शिवली

मागच्या नोंदीत मी तोऱ्यात लिहिलं होतं, विस्बीचा कोट, म्हणजे चौदाव्या शतकातल्या नमुन्याचं पत्र्यांचं चिलखत, झाला, आता फक्त पट्टे लावायचे राहिले. त्यानंतर तो कोट सुटा होऊन बिस्किटांच्या तीन डब्यांत गेला. एकात एकोणतीस पत्रे, एकात बक्कलं आणि तिसऱ्यात डोकी उडवलेले दोनशे बारा रिव्हेट, म्हणजे पत्रे ठोकून बसवायचे खिळे. तिसरा डबा भंगारात द्यायला अजून हात होत नाही.

झालं असं की पुठ्ठ्याचे नमुने कापले तेव्हा माझ्या अंगात टी-शर्ट होता. कोट घालायचा असतो गॅम्बसनवर, म्हणजे बोटभर जाडीच्या शिवलेल्या अंगरख्यावर. गॅम्बसन तेव्हा शिवलेलाच नव्हता. तो घालून कोट चढवला तर पाठीत चार बोटांची फट. चिलखत घालून लढायचा सराव करणाऱ्या आमच्या क्लबमधल्या एका जुन्या माणसाने कोट हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि एवढंच विचारलं, "याच्या आत काय घालणार होतीस?" ही चूक पहिल्या वर्षी सगळेच करतात म्हणे. मी दुसऱ्या वर्षी केली.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. विस्बी हे स्वीडनच्या गोटलंड बेटावरचं तटबंदीचं गाव. २७ जुलै १३६१ या दिवशी डेन्मार्कचा राजा वाल्देमार आट्टरडाग याच्या फौजेने या तटाबाहेर गोटलंडच्या शेतकऱ्यांची कत्तल केली. मेलेल्यांना मोठाल्या खड्ड्यांत पुरलं, आणि कित्येकांना अंगावरच्या चिलखतासकट. ऐन उन्हाळा होता, प्रेतं फार वेळ ठेवण्यासारखी नसावीत. एरवी चिलखत कुणी जमिनीत घालत नाही, ते उतरवून दुसऱ्याच्या अंगावर जातं. म्हणूनच चौदाव्या शतकातल्या साध्या शिपायाच्या अंगावर नेमकं काय असायचं हे कळायला विस्बीसारखी दुसरी जागा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे खड्डे खणले गेले. त्यातले पंचवीसेक कोट बेंग्ट थोर्डेमान यांनी पत्र्यापत्र्याने मांडून १९३९-४० मध्ये प्रसिद्ध केले. कुठला पत्रा कुठे, रिव्हेट कुठे, सगळं. आमच्यासारख्यांचं त्यावरच चालतं.

कोट म्हणजे काय, तर बाहेरून कातडं किंवा जाड कापड आणि आतून एकावर एक चढलेले लोखंडी पत्रे. बाहेरून फक्त रिव्हेटची डोकी दिसतात. माझा नमुना डोक्यातून घालायचा आणि पाठीवर बांधायचा आहे. म्हणजे एकटीला चढवता येत नाही, मागे बक्कल ओढायला माणूस लागतो. (नवऱ्याने पहिल्यांदा ओढलं तेव्हा मी "अरे, बैलाला जुंपतोयस का?" म्हणाले होते. आता त्याला बरोबर भोक कळतं.)

नोव्हेंबर. कापड

लोखंड बाजूला ठेवलं आणि कापडाकडे वळले. पंधराव्या शतकात फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या काळचं एक फर्मान आहे. शिपायाच्या जाड अंगरख्याला तीस, निदान पंचवीस पदर कापड हवं, वर हरणाचं कातडं. आणि कापड कसं हवं, तर वापरून वापरून मऊ झालेलं. हे वाचलं आणि थेट वाईच्या माडीवर बसलेली आजी आठवली. आजी नवं कापड गोधडीला कधी घ्यायची नाही. "नवं कापड टोचतं, अंगाला धरत नाही," म्हणायची. जुनी लुगडी, धोतरं, फार तर बाबांचा फाटका शर्ट. लुईच्या माणसांचं आणि आजीचं एकमत पाहून मी इथल्या, इंग्लंडमधल्या लीड्सच्या, धर्मादाय दुकानांतून जुन्या लिननच्या चादरी आणि टेबलक्लॉथ गोळा केले. एकावर अजून वाईनचा डाग आहे. तो आत गेलाय.

वर लोखंड येणार म्हणून पंचवीस पदरांची गरज नाही. मी धडाला बारा, खांद्याला सोळा आणि काखेत फक्त चार घेतले. काखेत जाड केलं की हात डोक्यावर जात नाही, आणि हात वर गेला नाही तर तलवार घेऊन उपयोग काय?

अंगरख्याचं पहिलं पान शिवायला घेतलं आणि तिसऱ्या संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल केला. तिने चष्मा लावला, मोबाईल नाकाशी धरला.

"वरचा पदर सरकलाय बघ तुझा. आधी लांब लांब कच्चे टाके घातलेस का?"

"नाही गं. टाचण्या लावल्या."

"टाचण्यांनी काय होतंय? बारा पदर आहेत ना? मधून बाहेर तळहाताने सारखं करत जा, कच्चं घालून घे, मग धावदोरा. आणि कापताना चांगलं मोठं काप, शिवल्यावर आक्रसतं ते."

आक्रसतं ते खरंच. बावीस इंचांचं पान उभ्या ओळी घालून झाल्यावर वीस इंचांवर आलं. इंग्रजी नमुन्यांत ही गोष्ट तळटीपेत असते, आईने पहिल्या मिनिटात सांगितली. ओळी मात्र आमच्या गोधडीसारख्या कडेने फिरत आत गेलेल्या नाहीत, वरून खाली सरळ आहेत. उभ्या ओळी असल्या की अंगरखा कमरेत नीट वाकतो. टाके बोटाच्या पेराएवढे, दोरा मेण लावलेला लिननचा. सुया मोडल्या नऊ. पदर जाड म्हणून प्रत्येक टाका सरळ खाली आणि सरळ वर असा दोन वेळा ओढावा लागतो. सुई तिरकी घातली की मागच्या बाजूला ओळ भलतीकडेच निघते. पहिल्या दोन ओळी तशाच ठेवल्यात, काखेखाली आहेत, कुणी बघत नाही.

पूर्ण झाल्यावर आईला फोटो पाठवला, वर कोट चढवलेला. उत्तर आलं, "लोखंड काढून पाठव, टाके दिसत नाहीत."

जानेवारी. पुन्हा पत्रा

आता गॅम्बसन घालून, वर ढगळ टी-शर्ट चढवून, त्यावर चिकटपट्टी गुंडाळून घेतली. पाठीतून कात्रीने कापून काढलं तर माझ्याच आकाराचं कवच हातात आलं. त्यावर रेघा आखून नमुने कापले. जुन्या एकोणतीसपैकी सतरा पत्रे कामाला आले, बाकीचे नवे. सोळा गेजचा, म्हणजे सुमारे १.६ मिलीमीटरचा साधा पोलादी पत्रा.

छातीवरच्या पत्र्यांबद्दल बायका मला खासगीत विचारतात, म्हणून उघड लिहिते. वेगळे उभार ठोकायचे नाहीत. तसं केलं की दोन्हीकडून घसरणारा घाव बरोबर मधल्या हाडावर येतो, ते फक्त व्हिडिओ गेममध्ये चालतं. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुरुषांचीच फॅशन फुगीर छाती आणि आवळलेली कंबर अशी होती. एकच गोलाई ठेवायची, घाव बाहेर घसरतो आणि आत जागा होते. साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या पुरुषांनी आपली सोय करून ठेवलीय.

गोलाई आणायला ओंडक्यात कोरलेला खळगा आणि गोल तोंडाची हातोडी. मग ऐरणीवर वरून बारीक ठोके, खळगे मोडून काढायचे. या दुसऱ्या कामाला आपल्याकडे नेमका शब्द आहे, मठारणं. पुण्यात शिकायला होते तेव्हा कसब्यातल्या तांबट आळीतून जाताना हा आवाज कानावर पडायचा, तेव्हा वाटायचं की नक्षीसाठी ठोकतायत. ठोक्यांनी धातू कडक होतो हे हातात पत्रा घेतल्यावर कळलं. मठारलेला पत्रा बोटाने दाबून बघा आणि न मठारलेला बघा. माझा अजून त्यांच्यासारखा एका ओळीत येत नाही, ठोका चंद्रकोरीसारखा उमटतो, म्हणजे हातोडी तिरकी पडतेय.

प्रत्येक पत्र्याची कड कानशीने घासा. कंटाळा येतो, तरी घासा. मी एक सोडली होती, तिने दोन सरावांत कातडं आतून कातरलं. आणि पत्रा पत्र्यावर चढतो ती दिशा चितारून ठेवा. माझा पोटाचा तिसरा पत्रा उलटा चढला होता, वाकलं की चिमटा. तेवढ्यासाठी सहा रिव्हेट पुन्हा उडवले. यावेळी मात्र आधी सगळं बोल्ट-नटवर जोडलं, घातलं, वाकले, बसले, तलवार फिरवली, बूट बांधून पाहिले, आणि मगच रिव्हेट ठोकले.

फेब्रुवारी. कड्या

गळ्याभोवतीची जाळी, ॲव्हेंटेल, विकत घेतली. रिव्हेट केलेली कडी, मग अख्खी कडी, अशी एकाआड एक ओळ, प्रत्येक कडीतून चार. युरोपातल्या हौशी लोकांच्या अंगावरची बरीच जाळी देहरादूनकडून येते. त्यामुळे क्लबमध्ये मला "घरून स्वस्तात मिळेल का" असं विचारणारे तीन जण आहेत. देहरादून आणि वाई यांत किती अंतर आहे हे सांगायचं मी सोडून दिलंय.

हट्टाने हातभर तुकडा स्वतः केला. सळईवर तार गुंडाळायची, टोकं एकमेकांवर चढतील अशी कापायची, लाल करून हळूहळू थंड होऊ द्यायची, चढलेला भाग ठोकून चपटा करायचा, त्यात टोच्याने भोक पाडायचं आणि पाचरीसारखा इवलासा रिव्हेट घालून चिमट्याने दाबायचा. सरावानंतर एका कडीला दोन मिनिटं. एका अख्ख्या अंगरख्याला वीस-तीस हजार कड्या. हिशेब केला आणि तुकडा खिळ्याला टांगून ठेवला.

लीड्सच्या दमट हवेत जाळीला आठवड्यात गंज चढतो. झाकणाच्या बादलीत कोरडी वाळू घालून जाळी आत टाका आणि अंगणात लोळवा. जुन्या काळी पिंपात घालून हेच करायचे. मुलगी बादलीला पायाने ढकलत फिरते, दोघींचं काम होतं.

मार्च. अंगावर

पहिला पूर्ण सराव. बोथट तलवारी, भोसकायचं नाही, मानेमागे आणि गुडघ्यामागे मारायचं नाही. तिसऱ्या फेरीत डाव्या बरगडीवर कुऱ्हाडीचा आडवा घाव बसला. मागच्या हंगामात उसन्या कोटात असाच बसला होता, तेव्हा तीन आठवडे डाव्या कुशीवर झोपता आलं नव्हतं. यावेळी गादीवर काठी आपटल्यासारखा आवाज आला आणि मी अर्धं पाऊल सरकले, बस. घरी येऊन पाहिलं तर पत्र्याला नखाएवढा पोचा आणि अंगावर रुपयाएवढा लालसर डाग. लोखंड तेच होतं, सोळा गेज. आतलं कापड वेगळं होतं.

दम मात्र लागला. २०११ मध्ये इथल्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी रॉयल आर्मरीज या शस्त्रास्त्रांच्या संग्रहालयाच्या लोकांना पूर्ण पोलादी चिलखतात ट्रेडमिलवर चालवलं होतं. चालायला एरवीच्या दुपटीहून जास्त शक्ती लागली. मोठं कारण पायांवरचं वजन, प्रत्येक पावलाला ते उचलून पुढे न्यावं लागतं, आणि दुसरं म्हणजे आवळलेल्या छातीमुळे श्वास उथळ होतो. हे दोन्ही मी घामाने पडताळलंय. कमरेचा पट्टा घट्ट केला तर खांदे सुटतात, सैल केला तर सगळा भार मानेवर. दोन भोकांच्या मधोमध भोक पाडलं, तेव्हा जमलं. पायांचे पत्रे कमरेच्या पट्ट्याला न टांगता आता गॅम्बसनलाच नाड्यांनी बांधलेत. फरक जिना चढताना कळतो.

पायांचे पत्रे नकोत असं कुणी म्हणालं तर विस्बीच्या हाडांकडे बोट दाखवा. तिथले पुष्कळ घाव नडगीवर आहेत.

परतीच्या वाटेवर आर्मरीजमध्ये डोकावले, हत्तीचं चिलखत बघायला. मुघल काळातलं, शिल्लक आहे तेच ११८ किलो, हजारो पत्रे कड्यांनी एकमेकांत गुंफलेले. मी चौदा किलो घालून हाश्शहुश्श करत त्याच्यासमोर उभी राहिले.

बाकी

शिरस्त्राणाच्या आतली गादी पुन्हा शिवायची आहे, कपाळावर सरकते. डाव्या दस्तान्याचा अंगठा दोनदा करून झाला, दोन्ही वेळा मूठ वळली की बिजागरी अडते. पत्र्याची बिजागरी काढून अंगठा नुसता कातड्याच्या पट्टीवर बसवावा का? कुणी करून पाहिलं असेल तर मूठ मिटलेली असतानाचा फोटो टाका, उघड्या हाताचा नको. तोवर क्लबचे उसने दस्ताने, ते मला दोन मापं मोठे आहेत.