रॅम घेताना: ४००० नको, ३६०० द्या

एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर घेतला तेव्हाच ठरवलं होतं, ओव्हरक्लॉक करायची (ठरल्या वेगापेक्षा जास्त पळवायची) ती मेमरी, म्हणजे रॅम. या प्रोसेसरचे कोअर मुळातच स्वतःहून वर पळतात, हाताने ताणून फारसं काही पदरात पडत नाही. मेमरीत मात्र वाव असतो. एएमडीने मेमरीचा अधिकृत वेग ३२०० दिलाय, पण त्यापुढे हा खुशाल जातो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर दुकानदार ४००० वेगाच्या रॅमचं किट पुढे सरकवत होता. "साहेब, मोठा आकडा घ्या, पुढे बघायला नको." त्याचंही खरंच आहे, गिऱ्हाईक आकडाच बघतं. पण रायझनमध्ये कोअर आणि मेमरी कंट्रोलर यांना जोडणारा इन्फिनिटी फॅब्रिक नावाचा दुवा असतो आणि तो मेमरीच्या खऱ्या क्लॉकबरोबर एकास एक चालला तरच फायदा. खरा क्लॉक लिहिलेल्या वेगाच्या निम्मा, म्हणजे डीडीआर४-३६००चा १८०० मेगाहर्ट्‌झ. एवढं बहुतेक ५६००एक्सना झेपतं. १९००ला काही चिप्स नांगी टाकतात. ४०००ला फॅब्रिक २०००वर न्यावं लागतं. ते नाही जमलं की मेमरी कंट्रोलर निम्म्या वेगावर उतरतो आणि वाढलेली लेटन्सी (डेटा मिळेपर्यंतचा उशीर) सगळी कमाई खाऊन टाकते.

लेटन्सीचा हिशेब तोंडी होतो: सीएल (मागितलेला डेटा द्यायला रॅम किती क्लॉक घेते तो आकडा) गुणिले २०००, भागिले वेग. ३२०० सीएल१६ आणि ३६०० सीएल१८, दोन्ही १० नॅनोसेकंद. म्हणजे जास्त पैसे मोजून त्या बाबतीत तिथेच. ३६०० सीएल१६ मात्र ८.९ला येतं. त्यातही सीएलपुढचे आकडे वाचायचे. १६-१९-१९ असेल तर आत मायक्रॉन किंवा हायनिक्सच्या चिप्स असण्याची शक्यता जास्त, १६-१६-१६ असेल तर बहुधा सॅमसंगची बी-डाय नावाची चिप. मला हवी होती ती हीच. व्होल्टेज वाढवत गेलं की हिची टायमिंग्ज (हेच सगळे आकडे) खाली येत जातात; मायक्रॉनमध्ये सीएल उतरतो, टीआरसीडी (त्यापुढचा आकडा) अडून बसतो. बी-डाय महाग पडते, आणि नुसतं गेमिंग करणाऱ्याने तेवढे पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत असंच मी सांगेन. पण हौसेला मोल नाही.

८ जीबीच्या दोन स्टिक, एकाच सीलबंद किटमधल्या. सुट्ट्या दोन घेतल्या तर वरचं लेबल तेच असूनही आतल्या चिप्स वेगळ्या निघू शकतात. आरजीबी (रंगीत दिव्यांच्या स्टिक) टाळलं, कारण त्यांच्या उंच पट्ट्या कूलरच्या पंख्याला अडतात.

ए२ आणि बी२ स्लॉटमध्ये बसवून एक्सएमपी (किटवर लिहिलेला वेग लावणारी तयार सेटिंग) चालू केलं, ३६०० लगेच मिळालं. ३८००ला बोर्ड पुन्हा पुन्हा ट्रेनिंग (सुरू होताना मेमरीशी जुळवून घेणं) करून शेवटी डीफॉल्टवर परत यायचा, तेव्हा तो नाद सोडला. ३७३३, १४-१५-१५, १.४५ व्होल्टवर मशीन उठलं, टेस्टमेम५ ही मेमरीची चाचणीसुद्धा पार झाली.

खरी गंमत पुढे होती. आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, आणि बी-डायला उष्णता सोसत नाही. त्यामुळे हिवाळ्यातल्या रात्री पास झालेल्या टेस्टवर माझा विश्वास नव्हता. भर दुपारी, कूलर बंद ठेवून (हवेचा कूलर, सीपीयूचा नव्हे!) ग्राफिक्स कार्डावर लोड टाकला आणि सोबत टेस्टमेम५ लावलं. कार्डाची गरम हवा थेट स्टिकवर जाते. स्टिकचं तापमान पन्नाशी ओलांडून गेलं आणि एरर पडायला लागल्या. व्होल्टेजला हात न लावता फक्त टीआरएफसी (रिफ्रेशला, म्हणजे चार्ज पुन्हा भरायला दिलेला वेळ) ३००वरून ३३६ केला, म्हणजे साधारण १६० नॅनोसेकंदांवरून १८०. हीच टायमिंग आधी संशयात घ्यायची, कारण चिप तापली की साठवलेला चार्ज लवकर गळतो आणि रिफ्रेशला वेळ पुरत नाही. त्याच उन्हात टेस्ट पुन्हा लावली, एकही एरर नाही. वर स्टिकसमोर १२० मिलिमीटरचा एक पंखा झिप टायने बांधून टाकला. दिसायला गबाळा आहे, पण स्टिक आता पन्नाशीच्या खालीच राहतात.