पोलादी गोळी गार व्हायला किती वेळ? लंप्ड पद्धतीचा माझा अनुभव

२० मिमी व्यासाची पोलादी गोळी ३० अंशांच्या हवेत ४०० वरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत गार करायची आहे. सगळ्या गोळीचं तापमान दर क्षणी एकच धरलं (हीच लंप्ड पद्धत), तर गणित एका घातांकी सूत्रावर येतं. पण तसं धरता येतं का, हे मी आधी बघतो.

त्यासाठी बायो संख्या काढायची, म्हणजे धातूच्या आतला उष्णतेचा अडथळा पृष्ठभागावरच्या अडथळ्याच्या मानाने किती, ते: पृष्ठभागाचा उष्णता संक्रमण गुणांक 'एच' गुणिले लांबी, भागिले धातूची वाहकता. लांबी म्हणजे घनफळ भागिले क्षेत्रफळ. गोळीला त्रिज्येचा तिसरा हिस्सा, इथे ३.३३ मिमी. विद्यार्थी इथे हमखास व्यास घालतात, नाहीतर हवेची वाहकता घेतात. हवेची घेतली की ती नसेल्ट संख्या (हवेच्या बाजूचं उष्णता संक्रमण मोजणारी) होते, बायो नव्हे. प्लेटची एक बाजू इन्सुलेट केलेली असेल तर पूर्ण जाडी घ्यायची, निम्मी नाही.

पोलादाची वाहकता ४० (एसआय एकक) आणि पंख्याच्या हवेत एच ५० धरला, तर बायो ०.००४ येते. ०.१ पेक्षा कमी असेल तर लंप्ड पद्धत चालते, म्हणजे निर्धास्त पुढे जावं. तेलात एच १००० धरला तर ०.०८३, नियमात बसतं, तरी केंद्र तेलापेक्षा २०० अंशांनी गरम असताना पृष्ठभाग केंद्रापेक्षा सुमारे २३ अंशांनी गार असतो. कडकपणा बघायचा असेल तर एवढा फरक मी सोडत नाही. पाण्यात ५००० धरला की ०.४२, पद्धत बाद. मग हाइस्लर तक्ते (आतलं तापमान जागेनुसार बदलतं हे धरून केलेले आलेख) काढायचे, आणि तिथे बायोसाठी पूर्ण त्रिज्या घ्यायची.

आता हवेतला वेळ. घनता ७८००, विशिष्ट उष्णता ५५० ज्यूल. कालस्थिरांक, म्हणजे घनता गुणिले विशिष्ट उष्णता गुणिले तीच लांबी भागिले एच, २८६ सेकंद. हवेशी तापमानफरक सुरुवातीला ३७०, शेवटी ३०; ३७० भागिले ३० चा नैसर्गिक लॉग २.५१. गुणाकार ७१८ सेकंद, म्हणजे १२ मिनिटं.

प्रत्यक्षात गोळी याआधीच गार होते, कारण प्रारण (पृष्ठभागातून किरणांच्या रूपाने जाणारी उष्णता) हिशोबात धरायचं राहिलं. पृष्ठभाग काळा पडलेला असेल आणि उत्सर्जकता (आदर्श काळ्या पृष्ठभागाच्या मानाने प्रारणाचं प्रमाण) ०.८ असेल, तर ४०० अंशांना प्रारणामुळे एचमध्ये २४ ची भर पडते, ६० अंशांना फक्त ६ ची. म्हणून मी ५०-५० अंशांचे टप्पे पाडून दर टप्प्याला नवा एच घेतो.

एचच माहीत नसेल तर उलटं जायचं. केंद्रापर्यंत भोक पाडून बारीक के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी) बसवायचं आणि तापमानफरकाचा लॉग वेळेसमोर मांडायचा. रेषा सरळ आली तर तिच्या उतारातून एच मिळतो. सुरुवातीलाच जास्त तीव्र उतार दिसला तर ते प्रारण. जाड तार मात्र स्वतःच उष्णता ओढून नेते, आणि एच खोटाच वाढलेला दिसतो.