काकांचा प्रश्न आणि ९४ वं सेरीन

काका कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत बसतात, भवानी मंडपाजवळ. गेल्या पावसाळ्यात त्यांना टीबी निघाला. त्यांच्या जंतूंवर आयसोनियाझिड हे टीबीचं औषध चालत नाही असा रिपोर्ट आला, औषधं बदलली, तब्येत सुधारली. पण काकांचा प्रश्न काही सुटेना. "गोळी तीच की गं. दुसऱ्याला लागू होती, मला का होईना?"

मी शिवाजी विद्यापीठात जीवरसायन शिकते, म्हणून विचारणार मलाच.

त्या रात्री इन्हा या एन्झाइमची, म्हणजे जंतूतल्या एका कामकरी प्रथिनाची, स्फटिकरचना लॅपटॉपवर उघडली: कुठला अणू कुठं बसलाय त्याचं चित्र. क्षयाचा जंतू आपल्या भिंतीसाठी मायकोलिक आम्लं बनवतो, त्याला इन्हा लागतं. आयसोनियाझिड १९५२ पासून वापरात आहे. ते जंतूत शिरलं की जंतूचंच कॅटजी हे एन्झाइम त्याला जागं करतं. मग ते एनएडी या पेशीतल्या मदतनीस रेणूला चिकटतं आणि ही जोडी इन्हाच्या खाचेत बसून काम बंद पाडते.

मी उघडलेलं इन्हा बदललेलं होतं, आणि ती जोडी त्याच्या आत बसलेली. प्रथिन अमिनो आम्लांच्या मण्यांचं बनतं; इन्हाच्या २६९ मण्यांपैकी ९४ व्या जागचं सेरीन जाऊन तिथं ॲलानीन आलेलं. फरक एका ऑक्सिजन अणूचा! मूळ इन्हात तो ऑक्सिजन पाण्याच्या एका रेणूला धरतो आणि ते पाणी एनएडीच्या फॉस्फेटला. इथं ती साखळी विस्कटते आणि जोडीवरची पकड सैल होते. दोन्ही रचना एकमेकींवर ठेवल्या तर सांगाडा जवळपास तसाच दिसतो. त्या एका पाण्यापाशी मी कितीतरी वेळ बसून होते. २००६ साली संशोधकांनी एवढाच बदल क्षयाच्या जंतूत घालून पाहिला आणि जंतू औषधाला दाद देईना. हे औषध नेमकं कशावर घाव घालतं, हा जुना वाद त्यातून मिटला.

रविवारी काकांना स्क्रीन दाखवली. कोल्हापुरी चपलेत खिळा नसतो, सगळं टाक्यांवर. ते म्हणाले, "म्हंजे एक टाका उसवलाय. पाय आत जातोय, पण चप्पल धरत न्हाई."

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

पण काकांच्या रिपोर्टात बदल कॅटजीत आहे, इन्हात नाही. तेही सांगितलं. बऱ्याच रुग्णांत तसंच असतं: ३१५ व्या जागी सेरीनऐवजी थ्रिओनीन येतं, औषधाची आत जायची वाट अरुंद होते आणि ते नीट जागंच होत नाही.

काकांनी काढून ठेवलेला चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "मग त्याचं चित्र दाखव की."