चार्जिंगला लावली आणि गाडी गप्प झाली

उन्हाळ्यातली रात्र, साडेदहाची वेळ. महामार्गालगतच्या चार्जिंग स्टेशनवर आमच्या इलेक्ट्रिक गाडीला चार्जरची गन लावून मी आणि बायको गाडीतच बसलो होतो. दिवसभर तापलेलं डांबर अजून धग सोडत होतं, म्हणून एसी पूर्ण वेगात चालू होता. वेळ घालवायला समोरच्या मोठ्या स्क्रीनवर सिनेमा लावला होता. बॅटरी ४३ टक्के. आधी सिनेमातला आवाज रेंगाळला, मग चित्र अडकलं आणि पुढच्या क्षणी सगळा पडदा काळाकुट्ट. वेग, घड्याळ, नकाशा, टक्के, काहीच नाही.

बायको म्हणाली, "तू काही दाबलंस का?" मी काही दाबलं नव्हतं. पण असा प्रश्न आला की आपणच काहीतरी दाबलं असावं असं वाटायला लागतं.

आता मॅन्युअल बघावं म्हटलं, तर तेही स्क्रीनच्या आतच! गाडी घेताना कागदी पुस्तक मिळालंच नव्हतं आणि तेव्हा त्याचं मला कौतुकही वाटलं होतं. शेवटी खाली उतरलो. बोनेटखालचा पंखा विमान उडायच्या बेतात असल्यासारखा घोंघावत होता. गनजवळचा हिरवा दिवा मात्र शांतपणे लुकलुकत होता आणि चार्जरच्या खांबावरचे आकडे पुढे सरकत होते. म्हणजे वीज जात होती, फक्त गाडीचं तोंड बंद झालं होतं. आत येऊन बसलो तेव्हा लक्षात आलं, एसीही बंद पडलेला नाही. दोनेक मिनिटांनी कंपनीचं चिन्ह उमटलं आणि सिनेमाऐवजी रेडिओ मोठ्यानं सुरू झाला. बॅटरी ४९ टक्के.

दुसऱ्या दिवशी फोनवर बाबांना हे सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न, "स्क्रीन गेली तर चार्जिंग कसं चालू राहिलं?" प्रश्न बरोबर होता, कारण आदल्या रात्री मलाही तोच पडला होता.

या गाड्यांत एकच संगणक नसतो. बॅटरीच्या सेलवर लक्ष ठेवणारा वेगळा, चार्जरशी बोलणारा वेगळा, आणि नकाशे, गाणी, सिनेमे दाखवणारा वेगळा. हा तिसरा पडला तरी पहिले दोघे आपापलं काम करत राहू शकतात. पडतो मात्र तो अगदी नको त्या वेळी. फास्ट चार्जिंगमध्ये बॅटरी तापते, तेव्हा गाडीची कूलिंगची बरीचशी ताकद तिच्याकडे वळते. काही गाड्यांत स्क्रीनच्या प्रोसेसरला थंड ठेवण्याचं कामही याच यंत्रणेकडे असतं. त्यात आपण बसलेले असतो एसी लावून सिनेमा बघत, म्हणजे प्रोसेसरवर सगळ्यात जास्त भारही नेमका तेव्हाच. तो तापला की आधी रेंगाळतो, मग स्वतःला वाचवायला रीस्टार्ट होतो.

माझ्या गाडीच्या बाबतीत नेमकं काय झालं ते सर्व्हिस सेंटरनं शेवटपर्यंत धड सांगितलं नाही. "अपडेट टाकलाय" एवढंच. पण प्रकार नवा नाही. मे २०२२ मध्ये टेस्लानं अमेरिकेत जवळजवळ १ लाख ३० हजार गाड्यांचा रिकॉल (दोष दुरुस्त करण्यासाठी गाड्या परत बोलावणं) जाहीर केला, तो याच कारणासाठी: फास्ट चार्जिंगच्या वेळी किंवा त्याच्या तयारीत प्रोसेसर पुरेसा थंड होत नव्हता आणि स्क्रीन मंदावत किंवा कोरी पडत होती. (माझी गाडी त्या कंपनीची नाही.) इलाज सॉफ्टवेअरचा होता, इंटरनेटवरून पाठवला गेला, गाडी कुठे न्यावी लागली नाही. त्याआधी २०२१ मध्ये त्याच कंपनीच्या सुमारे १ लाख ३५ हजार जुन्या गाड्यांचं प्रकरण वेगळं होतं. त्यांच्यात ८ जीबीची मेमरी चिप होती आणि तिच्यावर सतत लिहून लिहून ती झिजत होती. तिथे अपडेटनं भागण्यासारखं नव्हतं, भाग बदलावा लागला.

"स्क्रीन गेली तर एवढं काय? ब्रेक तर लागतात ना?" हेही बाबाच. ब्रेक लागतात, स्टिअरिंगही चालतं. पण रिव्हर्स कॅमेरा दिसत नाही आणि अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाडीत तो सक्तीचा आहे. म्हणून कोरी स्क्रीन तिथे नुसती गैरसोय न राहता सुरक्षेचा दोष ठरते. काचेवरची वाफ घालवण्याचं बटणही स्क्रीनमध्येच असेल तर विचारायलाच नको. हा हट्ट मला अजूनही पटत नाही. चार बटणं ठेवली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं?

आता दुसरी गोष्ट. हीसुद्धा काळ्या स्क्रीनचीच, पण हिची जात वेगळी. घरच्या स्लो चार्जरवर गाडी रात्रभर लावली होती. सकाळी पाहिलं तर दाराचं हँडल हलेना, दिवे लागेनात, गन सुटेना. ॲप म्हणतं, गाडीशी संपर्क नाही. रात्री शेवटचा आकडा होता ८० टक्के!

मदतीला आलेल्या मेकॅनिकनं रिमोटमध्ये लपलेली लोखंडी किल्ली काढून दार उघडलं आणि मला गप्प राहायची खूण केली. डॅशबोर्डच्या मागून बारीक टकटक ऐकू येत होती. रिले, म्हणजे विजेवर चालणारे छोटे स्विच, लागायचा प्रयत्न करत होते आणि पुरेसा दाब नसल्यामुळे सुटत होते. त्यानं बोनेट उघडून १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीला दोन चिमटे लावले. मिनिटभरानं सीटखालून 'धप्प' असा आवाज आला आणि स्क्रीन उजळली.

तो 'धप्प' म्हणजे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठ्या बॅटरीचे जाड स्विच, जोडले गेल्याचा आवाज. मोठी बॅटरी, बऱ्याच गाड्यांत ४०० व्होल्टच्या आसपासची, या स्विचांच्या मागे कुलपात असते आणि कुलूप उघडायला लागते १२ व्होल्टची वीज. स्क्रीन, दारं, दिवे, सगळं या धाकटीवरच. ती मेली की मोठीत कितीही वीज असली तरी हाताशी येत नाही. एरवी मोठीतली वीज उतरवून धाकटीला चार्ज करणारा कन्व्हर्टर असतो, पण तोच बिघडला तर धाकटी हळूहळू रिकामी होते. ह्युंदाईनं नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत जवळजवळ १ लाख ४५ हजार गाड्या परत बोलावल्या त्या अशाच दोषासाठी. माझा कन्व्हर्टर ठीक होता, बॅटरीचंच वय झालं होतं. शिवाय मी दर अर्ध्या तासानं ॲपवर टक्के बघत होतो. प्रत्येक वेळी झोपलेली गाडी जागी होते आणि ती जाग धाकटीच्या जिवावर असते. मेकॅनिकनं हे ऐकलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की त्या दिवसापासून ॲप उघडताना हात अडखळतो.

तेव्हापासून स्क्रीन गेली की मी आधी गनजवळचा दिवा आणि चार्जरचे आकडे बघतो, मग दाराचं हँडल. तिन्ही जागच्या जागी असतील तर चहा संपेपर्यंत थांबायचं, गन ओढाओढ करायची नाही. तिन्ही गप्प असतील तर सरळ मेकॅनिकला फोन. गन अडकली तर ती सोडवणारी दोरी माझ्या गाडीत डिकीच्या बाजूच्या झाकणामागे आहे; ती जागा मी दिवसाउजेडी शोधून ठेवली.

मॅन्युअलची कामाची चार पानंही छापून आणली आणि समोरच्या कप्प्यात नीट ठेवली. बायकोनं विचारलं, "कप्पा कशानं उघडतो?" स्क्रीनवरून. पानं आता दाराच्या खिशात आहेत.